ट्रॅपेझियस : मानेच्या शस्त्रक्रियेने शिकवलेला स्नायू

तोंडाच्या कर्करोगासाठी मानेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढलेल्या रुग्णाला केस विंचरायला हात वर नेता येत नाही, तेव्हा घरच्यांना वाटते, अशक्तपणा असेल. बहुतेक वेळा कारण मान आणि पाठीवर पसरलेल्या ट्रॅपेझियस या स्नायूत असते.

ट्रॅपेझियस कवटीच्या मागच्या उंचवट्यापासून थेट छातीच्या बाराव्या मणक्यापर्यंत पसरतो आणि कॉलरबोन व खांद्याच्या पात्याला जाऊन चिकटतो. शरीररचनाशास्त्रज्ञ वेसेलियसच्या १५४३ च्या चित्रांत तो स्पष्ट दिसतो. पण आकार दिसला म्हणून काम कळले असे नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये द्युशेन या डॉक्टरने त्वचेवरून वीज देऊन एकेक स्नायू आकुंचित करून पाहिला. ट्रॅपेझियसचे भाग वेगवेगळे काम करतात हे त्यातून पुढे आले : वरचा खांदा उचलतो, मधला पाते मणक्याकडे ओढतो, खालचा ते खाली खेचतो. वरचा आणि खालचा एकाच वेळी ओढू लागले, की बरगड्यांवरच्या सेरेटस स्नायूच्या जोडीने पाते फिरते. हात पूर्ण वर जातो त्या १८० अंशांपैकी सुमारे ६० अंश या फिरण्याचे असतात.

त्याची मुख्य नस (मज्जातंतू), म्हणजे अकरावी मेंदूनस, मानेच्या बाजूने त्वचेखालून तिरकी उतरते. इथेच घोळ होतो, कारण कर्करोगाच्या गाठीही तिच्या आजूबाजूलाच असतात. १९०६ मध्ये अमेरिकेत जॉर्ज क्राइलने मांडलेल्या शस्त्रक्रियेत गाठींबरोबर ही नसही जायची. जीव वाचवण्याच्या धडपडीत खांद्याकडे कोण बघणार? रुग्ण बरे होऊन घरी जाऊ लागले तेव्हा त्यांचे उतरलेले खांदे, ठणका आणि आखडलेले सांधे डोळ्यांत भरू लागले. १९६१ मध्ये या त्रासाचे सविस्तर वर्णन झाले. पुढे अर्जेंटिनाचे सुआरेझ आणि इटलीचे बोका यांनी नस राखून गाठी काढण्याची पद्धत रुजवली. माझ्या मते या स्नायूच्या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे पाऊल.

महाराष्ट्राशी याचा संबंध जवळचा आहे. तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग आपल्याकडे फार. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या टप्प्यातच मानेच्या गाठी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. मानेत कर्करोगाची गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण ६७.५ टक्के होते. साहजिकच ही शस्त्रक्रिया आता लवकर केली जाते, आणि नस राखण्याचे महत्त्वही तितकेच वाढले आहे. राखलेली नसही ताणली गेल्याने काही महिने मंद राहू शकते. त्या काळात खांदा आखडू नये म्हणून फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम चुकवू नयेत.