भाषा मोजायच्या तरी कशा?

भारतात भाषा किती, या प्रश्नाला २२, १२१, ७८० आणि १९,५६९ अशी चार उत्तरे नोंदलेली सापडतात आणि चारही आपापल्या जागी बरोबर आहेत.

सर्वांत मोठा आकडा २०११च्या जनगणनेतला आहे. मातृभाषा विचारायची आणि समोरचा जे नाव सांगेल ते तसेच लिहून घ्यायचे, ही रीत असल्यामुळे देशभरातून १९,५६९ नावे जमा झाली. एकाच बोलीला चार गावांत चार नावे असतात, कोणी भाषेऐवजी जातीचे किंवा गावाचे नाव सांगतो, शिवाय लिहिणाऱ्यागणिक वर्ण बदलतात. ही यादी चाळून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या, १,४७४ नावे ‘अवर्गीकृत’ म्हणून बाजूला राहिली. पुढे मातृभाषांचे गट बांधून, किमान दहा हजार भाषक असलेल्या १२१ भाषा जाहीर झाल्या. त्यांतल्या २२ राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत. भाषाअभ्यासक गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने दहा हजारांची अट मानली नाही आणि ७८० भाषा नोंदवल्या.

खरी मेख गट बांधण्यात आहे. हिंदीचे भाषक सुमारे ५२.८ कोटी सांगितले जातात, पण आपली मातृभाषा ‘हिंदी’ असे सांगणारे त्यांतले सुमारे ३२ कोटीच. बाकीच्यांत पाच कोटींहून अधिक भोजपुरी भाषक आहेत, शिवाय राजस्थानी, छत्तीसगढी वगैरे बोलणारेही आहेत. मैथिली बराच काळ याच गटात मोजली जात होती. २००३च्या घटनादुरुस्तीने ती अनुसूचीत आली आणि तिची गणना स्वतंत्र झाली. तिच्या व्याकरणात त्या वर्षी काही घडले नव्हते. कोकणीला ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाने मराठीची बोली ठरवले होते, आज ती अनुसूचीतली स्वतंत्र भाषा आहे.

याला केवळ राजकारण जबाबदार आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बारा कोसांवर भाषा बदलते, हे आपण सहज म्हणतो; पण नेमक्या कोणत्या कोसावर, हे कोणालाच दाखवता येत नाही. शेजारच्या दोन गावांना एकमेकांचे बोलणे कळते, त्यांच्या पलीकडच्यांनाही बहुतेक कळते, आणि अशा साखळीची दोन टोके समोरासमोर आणली तर मात्र संवाद अडतो. अशा साखळीवर रेघ कुठे मारायची, हे भाषाशास्त्र एकट्याने ठरवू शकत नाही.

भाषकांची संख्या आणि भाषांची संख्या यांचाही मेळ बसत नाही. त्या १२१ भाषांपैकी ६६ तिबेटी-बर्मी कुळातल्या, म्हणजे एकाच मूळ भाषेतून फुटलेल्या मानल्या जाणाऱ्या गटातल्या आहेत, आणि त्या बोलणारे लोक देशाच्या लोकसंख्येत जेमतेम एक टक्का भरतात. ईशान्येकडच्या डोंगरदऱ्यांनी माणसे वेगळी ठेवली म्हणून असे झाले, हे नेहमी दिले जाणारे कारण खरे असले तरी अपुरे वाटते; एकच राजभाषा सर्वांवर लादू शकेल अशी मोठी सत्ता त्या डोंगरांत दीर्घकाळ टिकली नाही, हेही तितकेच महत्त्वाचे असावे.

महाराष्ट्रातही एका कुळावर भागत नाही. मराठी भारतीय-आर्य, गडचिरोलीतली गोंडी द्राविडी, तर मेळघाटातली कोरकू मुंडा गटातली, म्हणजे संथालीची सख्खी आणि कंबोडियातल्या ख्मेरची लांबची नातलग. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात काही हजार लोक जी निहाली बोलतात, तिचे नाते मात्र जगातल्या कोणत्याही कुळाशी निर्विवादपणे जुळलेले नाही. कोरकू, मराठी आणि द्राविडी भाषांतून तिने इतके शब्द उचलले आहेत की तिचे स्वतःचे शब्द वेचून काढावे लागतात. तिच्यात एकासाठी ‘बीडुम’ हा तिचा स्वतःचा शब्द आहे, दोन, तीन, चार हे द्राविडी वळणाचे आहेत, आणि पाचापासून पुढची मोजणी आपल्या ओळखीची आहे.