शिक्षकाविरुद्ध तक्रार करायची तर कुठे करायची, अर्जात काय लिहायचं आणि पुढे काय होतं

वकिलाविरुद्ध तक्रार असली तर बार कौन्सिल आहे, डॉक्टरसाठी मेडिकल कौन्सिल आहे, पण मास्तरसाठी आपल्याकडे तसं वेगळं कौन्सिल नाही. स्कॉटलंडमधे १९६५ च्या कायद्यापासून शिक्षकांची कौन्सिल आहे आणि गैरवर्तनाची तक्रार थेट तिच्याकडे जाते. आपल्याकडे शिक्षकाला ज्याने नेमलं तोच त्याची चौकशी करतो. म्हणून अर्ज लिहायच्या आधी शाळा कोणाची आहे ते विचारा, निम्मे अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतात ते यामुळेच.

जिल्हा परिषदेची शाळा असेल तर आधी मुख्याध्यापक, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, आणि त्यांच्या वर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). मोठी शिक्षा द्यायचा अधिकार मात्र जिल्हा परिषदेच्या सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी) साहेबांचा, म्हणून अर्जाची एक प्रत त्यांच्या नावाने पण द्या. खाजगी अनुदानित हायस्कूल असेल तर कारवाई संस्थेने करायची असते आणि लक्ष शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांनी ठेवायचं असतं. नगरपालिका, महापालिकेची शाळा असेल तर तिथले प्रशासन अधिकारी.

आता आपल्या खानदेशात सगळ्यात जास्त घोळ होतो तो आश्रमशाळेचा. धडगाव, अक्कलकुवा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यातली किती पोरं आश्रमशाळेत राहून शिकतात, आणि पालक बिचारे दिवसाची मजुरी पाडून जिल्हा परिषदेत जातात, तिथं त्यांना सांगतात हे आमच्याकडे येत नाही. बरोबरच आहे, आदिवासी विकास विभागाच्या शाळा प्रकल्प कार्यालयाकडे असतात. नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल अशी चार प्रकल्प कार्यालयं आपल्याकडे आहेत, जळगाव जिल्ह्यासाठी यावलचं. त्यांच्या वर नाशिकचे अपर आयुक्त. अर्ज प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावाने लिहा.

एक गोष्ट या सगळ्याच्या आधी. मुलाशी किंवा मुलीशी लैंगिक गैरवर्तन झालं असेल, नुसता संशय जरी असला, तरी वरची कुठलीच पायरी धरू नका, सरळ पोलीस स्टेशन किंवा १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनला फोन. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यात असं आहे की ज्याला माहिती आहे त्याने कळवलंच पाहिजे, शाळेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर त्यालाच एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाचा जबाब घरी घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेते, आणि ती गणवेशात नसते. पोरीचं नाव गावात फुटू देऊ नका, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं तर गुन्हाच आहे. 'आपण आपसात मिटवू' म्हणणारा कोणी आला, मग तो सरपंच असो की भाऊबंद, त्याला चहा पाजून परत पाठवा.

बाकी तक्रार कशाकशाची करता येते? शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी घालतं. म्हणजे छडीच नाही, सगळ्या वर्गासमोर जातीवरून, गरिबीवरून बोलणं हे पण त्यात येतं, जातीवरून असेल तर अॅट्रॉसिटीचा विषय वेगळा होऊ शकतो. कलम २४ मधे वेळेवर आणि नियमित येणं, अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणं हे कर्तव्य म्हणून लिहिलंय. कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. पण जनगणना, निवडणूक, आपत्तीच्या कामासाठी गुरुजी वर्गात नाहीत तर ती त्यांची चूक नाही, ते काम कायद्यानेच त्यांना लावलंय, त्याचा अर्ज करू नका.

तक्रार कोण करू शकतं? कलम ३२ 'कोणतीही व्यक्ती' म्हणतं, पालकच पाहिजे असं नाही. लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा पालिकेकडे द्यायची, त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यात निर्णय द्यायचा, नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. हे पहिली ते आठवीपुरतं, नववी-दहावीला हा कायदा लागत नाही, तिथं सेवा नियमच. फी काही नाही, स्टँप पेपर लागत नाही.

आता अर्जाचं सांगते, कारण इथं मी स्वतः चुकले आहे. मी आमच्या तापीकाठच्या गावात शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते, तेव्हा आम्ही एका शिक्षकाविरुद्ध अर्ज दिला, 'गुरुजी नेहमी उशिरा येतात, मुलांना खूप मारतात, तरी यांची बदली करावी', खाली चाळीस सह्या. चौकशीला विस्तार अधिकारी आले, विचारलं कोणत्या तारखेला, कोणाला मारलं, कोणी पाहिलं, आणि सह्या करणारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. एक जण तर हळूच म्हणाला, "जाऊ दे भो, आपला पोऱ्या त्याच शायमा शे", म्हणजे आपलं पोर त्याच शाळेत आहे. अर्ज निकाली निघाला. नंतर मार खाल्लेल्या पोराची आई माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही आणि तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

म्हणून एक घटना, एक तारीख, एक वार, साधारण वेळ, मुलाचं नाव-इयत्ता, समोर कोण होतं, असं लिहा. चाळीस सह्यांपेक्षा दोन साक्षीदार भारी पडतात. मार लागला असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवून कागद घ्या, आठ दिवसांनी वळ राहत नाही. मेसेजचे स्क्रीनशॉट नंबर आणि तारीख दिसेल असे, समितीत ठराव झाला असेल तर त्याची प्रत, खाली स्वतःचं नाव, पत्ता, मोबाईल, सही. निनावी अर्ज बहुतेक फाईलला लागून संपतो. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.

आणि बदली मागू नका! नियमात बदली ही शिक्षाच नाही. शिक्षा म्हणजे ठपका, वेतनवाढ रोखणं, नुकसान वसूल करणं, खालच्या पदावर आणणं, सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढणं आणि सगळ्यात कडक बडतर्फी. बदलीने आपल्या गावाची सुटका होते पण तोच माणूस दुसऱ्या गावच्या पोरांपुढे उभा राहतो. अर्जात 'चौकशी करून सेवा नियमाप्रमाणे कारवाई करावी' एवढंच लिहा.

पुढे काय होतं? आधी प्राथमिक चौकशी, जबाब, मग शिक्षकाला नोटीस आणि त्याचा खुलासा. गंभीर असेल तर दोषारोपपत्र आणि विभागीय चौकशी. जिल्हा परिषदेला १९६४ चे शिस्त व अपील नियम लागतात, खाजगी शाळेला १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली. खाजगी शाळेत मोठ्या शिक्षेसाठी तीन जणांची समिती लागते, एक संस्थेचा, एक शिक्षकाने निवडलेला, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला, आणि १२० दिवसात संपवायचं असतं. काढून टाकलं तर शिक्षक ३० दिवसात शाळा न्यायाधिकरणात जाऊ शकतो, आणि संस्थेने घाईघाईत एखादी पायरी गाळली असेल तर तो परत कामावर येऊ शकतो. लोक म्हणतात साहेब मुद्दाम वेळ लावतात, कधी लावतातही, पण शिक्षकाला बाजू मांडायला वेळ मिळालाच पाहिजे, गावच्या राजकारणातून चांगल्या गुरुजीवर केलेले अर्ज पण मी पाहिलेत. निलंबन ही सुद्धा शिक्षा नाही, चौकशीपुरतं बाजूला ठेवणं आहे, त्या काळात निर्वाह भत्ता चालू असतो. जिल्हा परिषदेच्या किंवा सरकारी शाळेतला शिक्षक ४८ तासांपेक्षा जास्त पोलीस कोठडीत राहिला तर निलंबित धरलाच जातो.

तुम्हाला चौकशीला बोलावलं तर जा, मजुरी बुडाली तरी जा, तक्रारदार आला नाही तर पुरावाच उरत नाही. महिनाभर काही हललं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयाचं कोर्ट फी स्टँप लावून 'माझ्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली' असं विचारा, ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं. शिक्षकाची पूर्ण फाईल मात्र मागू नका, सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या निकालापासून कर्मचाऱ्याची शिस्तभंगाची कागदपत्रं वैयक्तिक माहिती धरतात, त्या नावाखाली सगळाच अर्ज फेटाळला जातो.

राहिली ती भीती, पोराला त्रास देतील ही. ती खरी आहे, मी नाही म्हणत नाही. पण आठवीपर्यंत कुठल्याच मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६. कोणी दाखला हातात ठेवायला लागलं तर घेऊ नका, सही करू नका, आणि त्याच दिवशी पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक टाकून दुसरा अर्ज द्या.