डिस्क उन्हानं वाकत नाही, गंजानं डोलते

वर्धा रोडवर ८० च्या स्पीडला ब्रेक दाबला की आमच्या १४ वर्षं जुन्या गाडीचं स्टेअरिंग थरथरायचं आणि पायाखाली पेडल धडधड करायचं. मिस्त्री म्हणाला, "डिस्कला बेंड आला भाऊ, आपल्या नागपूरचं ऊनच असं आहे नं, लोखंड पण वाकून जाते." मे महिन्यात समोरच्या दोन्ही डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ज्या चकत्या ब्रेक पकडतो त्या, बदलल्या, गाडी लोण्यासारखी थांबायला लागली, आणि दिवाळी झाल्यावर पुन्हा तीच धडधड. आता हिवाळ्यात कोणतं ऊन? म्हणून यावेळी जॅक स्टँड आणले, एका लेथवाल्या मित्राकडून डायल गेज, म्हणजे फिरणारी डिस्क किती मिमी डोलते ते दाखवणारं घड्याळ, मागून आणलं आणि चाक घरीच खोललं.

आधी उन्हाचा हिशोब करू, शाळेतलाच आहे. १००० किलोची गाडी ८० वर असेल तर तिची गतिज ऊर्जा साधारण अडीच लाख ज्यूल. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, म्हणून समोरचे ब्रेक त्यातला ७० टक्के भाग घेतात, म्हणजे एका डिस्कच्या वाट्याला ८५ हजार ज्यूल. डिस्क समजा ४ किलोची धरली, तर पूर्ण थांबेपर्यंत ती आधीपेक्षा ४५ डिग्रीनं वर चढते. नागपूरचं मे २०१३ मधलं कमाल तापमान ४७.९ होतं. तेवढी वाढ डिस्क एका ब्रेकमध्ये करते, आणि घाटात तर कितीतरी शे डिग्रीपर्यंत जाते. ती बिडाची (कास्ट आयर्नची) असते, त्यात ग्रॅफाइटच्या बारीक पापड्या असतात, त्या उष्णता पटकन पसरवतात आणि आवाजही दाबतात. असं लोखंड उन्हात उभं राहून वाकत नाही.

मग धडधड कशाची? खरी गंमत इथे आहे, थोडं सावकाश वाचा. डिस्क ज्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या भागावर, बसते त्यावर जुन्या गाडीत गंजाचा थर असतो. माझ्या मिस्त्रीनं नवी डिस्क त्या गंजावरच बसवली होती. आता १४ सेंमीच्या हबच्या कडेला ०.०५ मिमी जाडीची गंजाची खपली राहिली तर डिस्क तिरपी बसते, आणि २४ सेंमीच्या डिस्कच्या काठावर तो तिरपेपणा ०.०८ च्या पुढे जातो. नट आवळून तो जात नाही. पहिल्या दिवशी काही जाणवत नाही, कारण कॅलिपर, म्हणजे डिस्कवर दोन्हीकडून ब्रेकचे पॅड दाबणारा चिमटा, सरकतं आणि डिस्कसोबत डोलून घेतं. पण आपण ब्रेक सोडून नुसती गाडी चालवत असतो तेव्हा डिस्कचा वर आलेला भाग प्रत्येक फेरीला पॅडला हलकेच चाटून जातो, एका बाजूनं एकदा आणि अर्ध्या फेरीनंतर दुसऱ्या बाजूनं एकदा, आणि ८० च्या स्पीडला चाक सेकंदाला १२-१३ फेऱ्या मारतं, म्हणजे काही हजार किलोमीटरमध्ये किती घासलं बघा. डिस्क त्या दोन जागी पातळ होते. म्हणजे ती वाकलेली नसते, तिची जाडी कमी-जास्त झालेली असते!

हा फरक २० मायक्रॉनचाही पुरतो, केसापेक्षा बारीक. तो पायाला कसा कळतो? पास्कलचा नियम. कॅलिपरचा पिस्टन ५ सेंमीचा आणि पेडलजवळचा, ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर २ सेंमीचा धरला तर क्षेत्रफळाचं गुणोत्तर सव्वासहा, वरून पेडलची तरफ चौपट, एकूण २५ पट. ०.०२ मिमीचे झाले ०.५ मिमी! जे हायड्रॉलिक्स तुमच्या पायाचा जोर वाढवून चाकापर्यंत नेतं, तेच चाकाची चूक वाढवून पायापर्यंत आणतं. मला हे फार सुंदर वाटतं.

दुसरं कारणही आहे, जोरात ब्रेक मारून छत्रपती चौकाच्या सिग्नलला पाय तसाच दाबून उभं राहिलं तर तापलेल्या पॅडचा मसाला एकाच जागी चिकटतो. तो भाग पुढे ६५०-७०० डिग्रीवर गेला तर खालच्या बिडात सिमेंटाइट नावाचा कडक पदार्थ बनतो, मग लेथवर मारूनही ती जागा पुन्हा उठते.

शेजारचे काका म्हणाले, गाडीला बांधलेलं लिंबू-मिरची काढलं तेव्हापासूनच हे सुरू झालं. काकांवर माझं प्रेम आहे, पण ब्रेकच्या बाबतीत हे ऐकून घेणार नाही, लिंबू बदलणारे लोक पॅडची जाडी बघत नाहीत आणि त्यात माणसं जातात. तसंच भोकं पाडलेल्या महागड्या 'रेसिंग' डिस्कचं, भोकं पाडली की उष्णता साठवणारं लोखंडच कमी होतं आणि तडे भोकांपासूनच सुरू होतात. शहरातल्या गाडीला साधी डिस्क बरी.

काम म्हणाल तर असं. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, नट जमिनीवरच सैल करायचे, आणि गाडी स्टँडवर, विटांवर कधीच नाही. कॅलिपर खोलून तारेनं वर बांधायचं, ब्रेक ऑइलच्या नळीवर (होसवर) लटकवायचं नाही. मग हब वायर ब्रशनं चकचकीत होईस्तोवर घासायचा, याला माझा एका बाजूला पाऊण तास गेला. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरनं पुसायचं, दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड सोबतच बदलायचे. पिस्टन मागे दाबताना ऑइलच्या डबीकडे लक्ष ठेवा, सांडलं तर रंग खातं. नट ताऱ्यासारखे आलटूनपालटून, टॉर्क रेंचनं (किती जोरानं आवळलं ते दाखवणाऱ्या पान्यानं).

घासण्याआधी माझं गेज ०.११ दाखवत होतं. त्याच हबवर नवी डिस्क चढवल्यावर ०.०३. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप केलं, नाहीतर पहिला ब्रेक रिकामा जातो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मिहानच्या रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत दहा वेळा ब्रेक मारले, कुठेही पूर्ण न थांबता, म्हणजे पॅडचा थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसावा. पुढची दिवाळी येईपर्यंत गेज दर दोन महिन्यांनी लावणार आहे, आकडा वहीत लिहून ठेवतोय.