पीटीएचचा आकडा कॅल्शियमशेजारी ठेवूनच वाचा

समजा, एका रिपोर्टवर दोन ओळी आहेत. कॅल्शियम ११.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोन, ५८ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. कॅल्शियमची नेहमीची मर्यादा साधारण ८.५ ते १०.५, म्हणून तो आकडा ठळक छापलेला आहे. पीटीएचची मर्यादा बहुतेक लॅबमध्ये १५ ते ६५ च्या आसपास असते, म्हणून तो साध्या अक्षरांत. रिपोर्ट पाहून घरातलं कुणीही म्हणेल, ‘कॅल्शियम जरा वाढलंय, पण हार्मोन तर नॉर्मल आहे.’ खरी बातमी मात्र त्या साध्या अक्षरांतल्या ५८ मध्ये आहे. ती कशी, हे कळण्यासाठी आधी हा हार्मोन काय करतो ते पाहू.

मानेत थायरॉइडच्या मागच्या अंगाला चिकटून चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. जेमतेम ५-६ मिलिमीटर लांबीच्या, प्रत्येकीचं वजन ३० ते ५० मिलिग्रॅम. काही जणांत त्या तीन किंवा पाचही असतात, आणि एखादी खाली छातीतही सापडते. थायरॉइडच्या कामाशी त्यांचा काही संबंध नाही, फक्त शेजार आहे. माणसाच्या शरीरातल्या या ग्रंथींचं नीट वर्णन १८८० मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाच्या इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने केलं. त्याआधी रिचर्ड ओवेन यांना लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याचं विच्छेदन करताना ही ग्रंथी दिसली होती. पण तिचं काम काय, हे दोघांनाही माहीत नव्हतं. त्या काळात थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांना हातापायांना भयंकर पेटके येत आणि त्यात ते दगावत. थायरॉइडबरोबर या चिमुकल्या ग्रंथीही कापल्या जात होत्या, हे पुढे हळूहळू उलगडलं.

या ग्रंथींचं काम एकच: रक्तातलं कॅल्शियम ठरलेल्या पातळीवर राखणं. पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो, तसंच हे. पाणी उतरलं की गोळा खाली जातो आणि नळ उघडतो. टाकी भरली की गोळा वर येऊन नळ बंद करतो. पॅराथायरॉइडच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. त्यांचा शोध १९९३ मध्ये लागला. रक्तातलं कॅल्शियम किंचित घसरलं तरी या पेशी काही सेकंदांत पीटीएच सोडतात. मग तीन गोष्टी घडतात. हाडांतून कॅल्शियम रक्तात येतं. मूत्रपिंड लघवीतून जाणारं कॅल्शियम परत खेचून घेतं आणि त्याऐवजी फॉस्फेट बाहेर टाकतं. तिसरं म्हणजे, तेच मूत्रपिंड ड जीवनसत्त्वाला त्याचं कामाचं रूप देतं, आणि त्यामुळे आतडं अन्नातलं कॅल्शियम जास्त शोषून घेतं. कॅल्शियम वर आलं की पीटीएच आपोआप कमी होतं.

आता तो पहिला रिपोर्ट पुन्हा पाहा. कॅल्शियम ११.२ म्हणजे टाकी काठोकाठ भरून वाहते आहे. अशा वेळी निरोगी ग्रंथी जवळजवळ गप्प व्हायला हवी, पीटीएच मर्यादेच्या तळाला किंवा त्याखाली जायला हवं. ते ५८ आहे, म्हणजे नळ अजून उघडाच आहे. लॅबची मर्यादा ज्यांचं कॅल्शियम योग्य आहे अशा निरोगी लोकांवरून ठरलेली असते, आणि ११.२ कॅल्शियम असलेला माणूस त्यांच्यातला नाही. म्हणून वाढलेल्या कॅल्शियमशेजारी ‘नॉर्मल’ दिसणारं पीटीएच हे नॉर्मल नसतं. माझ्या मते या तपासणीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

असं चित्र दिसलं की डॉक्टरांच्या मनात पहिला विचार येतो तो प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझमचा. यात ग्रंथीच बेशिस्त झालेली असते. साधारण ८५ टक्के रुग्णांत चारपैकी एकाच ग्रंथीत कर्करोग नसलेली गाठ असते. उरलेल्यांत बहुधा एकाहून जास्त ग्रंथी वाढलेल्या असतात. पॅराथायरॉइडचा कर्करोग फार दुर्मीळ आहे, शंभरात एकाहूनही कमी. हा आजार पाळी गेल्यानंतरच्या वयातल्या स्त्रियांमध्ये जास्त दिसतो. पूर्वी रुग्ण यायचे ते मुतखडे आणि मोडणारी हाडं घेऊनच. आता अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत कॅल्शियम थोडं जास्त निघतं आणि तिथून धागा सापडतो. थकवा, बद्धकोष्ठ, उदास वाटणं, वारंवार लघवी अशा तक्रारी असल्या तरी त्या इतक्या सर्वसाधारण असतात की वर्षानुवर्षं कुणी त्यांचा संबंध कॅल्शियमशी जोडत नाही. म्हणूनच रिपोर्टमधलं ‘थोडंसं जास्त’ कॅल्शियम दोनदा दिसलं, तर ते सोडून देऊ नये असं मला कळकळीनं वाटतं.

अर्थात याच चित्राची आणखी कारणं आहेत. मनोविकारासाठी दिलं जाणारं लिथियम ग्रंथीची जाणीवच बदलतं. रक्तदाबासाठीच्या थायझाइड गोळ्या लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतात. शिवाय काही कुटुंबांत कॅल्शियम ओळखणारा ग्राहक जन्मतःच थोडा मंद असतो. त्यांचं कॅल्शियम आयुष्यभर थोडं वर राहतं, पण त्याने सहसा काही बिघडत नाही आणि शस्त्रक्रियेचा उपयोगही होत नाही. हा फरक कळण्यासाठी चोवीस तासांची लघवी गोळा करून त्यातलं कॅल्शियम मोजतात. त्या डब्याचा कंटाळा येतो हे खरं, पण त्या एका तपासणीने नको असलेली शस्त्रक्रिया टळू शकते. मानेच्या स्कॅनबद्दलही एक गैरसमज असतो. स्कॅन निदानासाठी नसतो. निदान रक्त आणि लघवीवरून झाल्यावर गाठ नेमकी कुठे आहे, हे शोधण्यासाठी असतो. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून आजार नाही, असं म्हणता येत नाही.

उलट, कॅल्शियम वाढलेलं आणि पीटीएच अगदी कमी असेल, तर ग्रंथी आपलं काम चोख करत आहेत. कॅल्शियम दुसरीकडून येतंय. काही कर्करोगांच्या गाठी पीटीएचसारखंच वागणारं दुसरं प्रथिन तयार करतात. ते पीटीएचच्या तपासणीत धरलं जात नाही. क्षयरोग किंवा सारकॉइडोसिसमध्ये (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार) सूज आलेल्या पेशी ड जीवनसत्त्व नको तितकं सक्रिय करतात. आणि ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या मोजमाप न ठेवता घेतल्या, तरी असंच होतं. या गटातलं कॅल्शियम भराभर चढू शकतं, म्हणून असा रिपोर्ट आला तर पुढच्या आठवड्याची वाट पाहायची नसते.

सगळ्यात जास्त लोकांना घाबरवणारा रिपोर्ट मात्र वेगळाच असतो. पीटीएच ९२, ठळक अक्षरांत. कॅल्शियम ८.९, अगदी व्यवस्थित. माणूस इंटरनेटवर शोधतो आणि गाठ, शस्त्रक्रिया, हाडं ठिसूळ हे सगळं वाचून रात्रभर जागतो. पण इथे नळ उघडा आहे तो टाकी भरण्याची गरज आहे म्हणून. शरीराला कॅल्शियम पुरेसं मिळत नाही, आणि ग्रंथी जादा काम करून पातळी राखून धरते आहे. याला सेकंडरी हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे ड जीवनसत्त्वाची कमतरता. अशा रिपोर्टसोबत ड जीवनसत्त्व ९ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर निघालं, तर कोडं बहुतेक तिथेच सुटतं. कॅल्शियम फारच कमी असलेला आहार, आतड्यांचे आजार, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, हाडांसाठीची काही औषधं यांनीही असं होतं. कमतरता भरून काढायची आणि काही महिन्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा करायच्या. बहुतेक वेळा पीटीएच खाली येतं. कधीकधी मात्र ड जीवनसत्त्व भरल्यावर कॅल्शियमच मर्यादेबाहेर जातं, आणि मागे दडलेला प्रायमरी आजार उघडा पडतो. म्हणून दुसरी तपासणी टाळू नये.

मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराचं गणित निराळं आहे. मूत्रपिंड कमजोर झालं की फॉस्फेट साचतं, ड जीवनसत्त्व सक्रिय होत नाही, आणि ग्रंथींना सतत ताण पडतो. डायलिसिसवरच्या रुग्णांचं पीटीएच १५ ते ६५ मध्ये आणायचा प्रयत्न डॉक्टर करतच नाहीत. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यांच्यासाठी लॅबच्या वरच्या मर्यादेच्या साधारण २ ते ९ पटींपर्यंतची पातळी चालते, कारण त्याहून फार खाली आणलं तर हाडांची झीज-भर थांबून ती निर्जीव होतात. त्यांच्याबाबतीत एका आकड्यापेक्षा काही महिन्यांचा कल महत्त्वाचा, आणि तो कळायला तपासणी दर वेळी एकाच लॅबमध्ये केलेली बरी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर एकाच रक्ताचे आकडे वेगळे येतात.

असं का होतं, यामागे हार्मोनची रचना आहे. पीटीएच म्हणजे ८४ अमिनो आम्लांची साखळी. ती रक्तात आल्यावर अवघ्या काही मिनिटांत निम्मी संपते, पण तिचे तुकडे रेंगाळतात, आणि मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर फारच. मात्राही किती सूक्ष्म पाहा: पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. इतकं कमी मोजण्याची रेडिओइम्युनोअसे ही पद्धत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी आधी इन्शुलिनसाठी बसवली, आणि १९६३ मध्ये ती पीटीएचसाठी वापरली गेली. यॅलो यांना १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते. सुरुवातीच्या पद्धती तुकडेही मोजत. आजच्या ‘इंटॅक्ट पीटीएच’ तपासणीत दोन अँटिबॉडी असतात. एक साखळीच्या एका टोकाजवळ पकडते, दुसरी दुसऱ्या टोकाजवळ. दोघींना सापडलेलीच साखळी मोजली जाते. तरीही काही लांब तुकडे दोघींना फसवतात, आणि किटगणिक हे प्रमाण बदलतं.

याच पद्धतीत एक खाच आहे, आणि ती फार कमी लोकांना सांगितली जाते. अनेक किटमध्ये अँटिबॉडी पकडून ठेवायला बायोटिन वापरतात. केस आणि नखांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांत हेच बायोटिन ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, रोजच्या गरजेच्या शेकडो पट. रक्तात ते जास्त असेल तर तपासणीत गडबड होऊन पीटीएच खोटंच कमी दिसू शकतं. म्हणजे खरा प्रायमरी आजार असलेल्या माणसाचा रिपोर्ट कर्करोगाच्या शक्यतेकडे बोट दाखवेल. म्हणून अशा गोळ्या तपासणीआधी किमान दोन-तीन दिवस बंद ठेवाव्यात, आणि घेत असाल तर डॉक्टरांना आणि लॅबला आवर्जून सांगावं.

रक्त घेताना नीट पाहिलंत तर दोन नळ्या भरलेल्या दिसतील. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. त्यात पीटीएच जास्त वेळ टिकतं, म्हणून ते बरेचदा तिथून मोजतात. पण ईडीटीए कॅल्शियमला बांधून टाकतं, त्यामुळे त्या नळीतलं कॅल्शियम मोजून उपयोग नाही. त्यासाठी लाल किंवा पिवळ्या झाकणाची वेगळी नळी लागते. दोन्ही एकाच वेळी घ्यायच्या, कारण महिन्यापूर्वीचं कॅल्शियम आजच्या पीटीएचशेजारी ठेवून काही कळत नाही. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला तरी कॅल्शियम किंचित वाढलेलं दिसतं. रक्तातलं साधारण ४० टक्के कॅल्शियम प्रथिनांना चिकटलेलं असतं, म्हणून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही मोजून आकडा दुरुस्त करावा लागतो. पीटीएच दिवसभरात वरखाली होतं, त्यामुळे पुन्हा तपासणी करताना शक्यतो तीच वेळ पाळावी.

कॅल्शियम आणि पीटीएच दोन्ही कमी असतील तर ग्रंथी कमी पडताहेत, आणि त्याचं मुख्य कारण आजही मानेची शस्त्रक्रिया हेच आहे. ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येणं, पेटके येणं ही त्याची लक्षणं. यात मॅग्नेशियम तपासायला विसरू नये. ते फार कमी झालं की निरोगी ग्रंथीही पीटीएच सोडू शकत नाही, आणि मॅग्नेशियम भरेपर्यंत कितीही कॅल्शियम दिलं तरी ते टिकत नाही.

हा हार्मोन काही मिनिटांत निम्मा होतो, याचा सर्जन मोठा फायदा करून घेतात. बिघडलेली ग्रंथी काढल्यावर, रुग्ण अजून भुलेत असतानाच, दहा मिनिटांनी रक्त घेतात. पीटीएच आधीच्या सर्वोच्च आकड्याच्या निम्म्याहून खाली आलं तर दोषी ग्रंथी बाहेर आली असं समजतात. आलं नाही, तर बाकीच्या ग्रंथी तपासतात. पुढे आजार बरा झाला की नाही हे ठरतं ते सहा महिन्यांनंतरही कॅल्शियम नॉर्मल आहे का यावर. त्या काळात काही रुग्णांचं पीटीएच वाढलेलं दिसतं, पण कॅल्शियम ९ च्या घरात असेल तर आजार उलटला असा त्याचा अर्थ होत नाही. इतकी वर्षं कॅल्शियम गमावलेली हाडं ते परत ओढून घेत असतात, किंवा ड जीवनसत्त्व अजून अपुरं असतं.