डेम्प्सीचा बूट की कमरेचा झोका?

नोव्हेंबर २०२५मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या कॅम लिटलने ६८ यार्डांवरून, म्हणजे तब्बल ६२ मीटरवरून, फील्ड गोल मारला, म्हणजे जमिनीवर टेकवलेला चेंडू लाथेने दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून पार केला. या खेळात असा विक्रम झाला की टॉम डेम्प्सीच्या बुटाचा विषय निघतोच. जन्मतः उजव्या पायाला बोटं नसलेल्या डेम्प्सीने १९७०मध्ये न्यू ऑर्लिन्सला ६३ यार्डांची किक मारली होती. सारी करामत त्या सपाट टोकाच्या बुटाची, असं म्हणणारे तेव्हाही होते. १९७७मध्ये एनएफएलने, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने, बुटाबद्दल नियमच करून टाकला. मला ही बूटभक्ती पटत नाही.

खरी गंमत फटक्यात आहे. डेम्प्सी सरळ धावत येऊन मारायचा. त्यात पाय मुख्यतः खुब्यातून पुढेमागे झुलतो. १९६४मध्ये बफेलो बिल्स संघाकडे आलेला, हंगेरीत जन्मलेला पीट गोगोलाक सॉकरसारखा तिरका धावत यायचा. आज सगळे तसेच मारतात. तिरक्या धावेत कंबरही फिरते आणि पायाला वेग घ्यायला लांब रस्ता मिळतो. आधी कंबर, मग मांडी; गुडघा अजून मागे दुमडलेलाच. मांडी मंदावू लागते नेमकी तेव्हा पोटरी गोफणीसारखी सुटते. मांडीचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, पोटरीकडे जातो, आणि पोटरी हलकी असल्याने तिचा वेग भलताच वाढतो.

पाय चेंडूला टेकतो तो जेमतेम सेकंदाचा शंभरावा भाग. सव्वाचारशे ग्रॅमचा चेंडू सेकंदाला ३० मीटर वेगाने सुटला, तर तेवढ्या क्षणात सरासरी बल सुमारे १२७५ न्यूटन, म्हणजे जवळपास १३० किलोचं वजन. घोटा सैल पडला की यातलं बरंच वाया जातं.

हवा नसती तर हाच चेंडू ४५ अंशांत ९० मीटरपलीकडे पडला असता. पण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून डेन्व्हर या उंचावरच्या शहराचं कौतुक: १६०० मीटर उंचीवर हवा साधारण १५ टक्के विरळ. मॅट प्रेटरने डिसेंबर २०१३मध्ये ६४ यार्ड गाठले ते तिथेच. मात्र थंड हवा दाट असते, त्यामुळे उंचीने दिलेलं थोडं थंडीने परत घेतलंच असणार. जस्टिन टकरची २०२१ची ६६ यार्डांची किक तर डेट्रॉइटच्या छपराखाली, जेमतेम २०० मीटर उंचीवर. तीसुद्धा आधी १० फुटांवरच्या आडव्या दांडीवर आपटली, मग पलीकडे गेली.