हात पुरेना झाला की

सुईत दोरा ओवताना हात हळूहळू लांब जायला लागतो. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायला आपण खिडकीशी जातो आणि वर 'हल्ली छापतातच बारीक' म्हणून कंपनीला बोल लावतो. मीही वर्षभर हेच केलं. मराठीत या अवस्थेला आणि तिच्यावरच्या चष्म्यालाही एकच नाव आहे, चाळिशी. वयासकट निदान!

डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाला वळवण्याचं जवळजवळ दोनतृतीयांश काम समोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया करतो. जवळचं-लांबचं जुळवून घेण्याचं काम मात्र आतल्या भिंगाचं. भिंगाभोवती स्नायूचं एक कडं असतं. ते आवळलं की भिंगाला ताणून धरणारे बारीक तंतू सैल पडतात, भिंग फुगीर होतं आणि जवळचं स्पष्ट दिसतं. पण हे भिंग जन्मभर वाढत असतं. कांद्यासारखे नवे थर बाहेरून चढत जातात, जुने आत दाबले जातात आणि गाभा कडक होतो. दहा वर्षांचं पोर पुस्तक नाकापासून सात-आठ सेंटिमीटरवर धरूनही वाचू शकतं. चाळिशीत तेच अंतर वीतभर होतं आणि पन्नाशीला त्याच्या दुप्पट.

कडक झालेलं भिंग डोळ्यांच्या व्यायामानं मऊ होत नाही. 'चष्म्यानं नंबर वाढतो' हाही गैरसमजच. चष्मा लावा न लावा, सुरुवातीचा अधिक एकचा नंबर साठीपर्यंत अधिक अडीचच्या आसपास जातोच. ज्यांना आधीपासून मायनस नंबर आहे, ते वाचताना चष्मा काढून ठेवतात, एवढाच काय तो फरक.

खरी गंमत पुढे आहे. सत्तरीतले आजोबा एक दिवस चष्म्याशिवाय पेपर वाचू लागतात, आणि घरभर कौतुक होतं. होतं काय, तर भिंगाचा गाभा आणखी घट्ट आणि गढूळ होतो, प्रकाश जास्त वळवतो आणि नंबर मायनसकडे सरकतो. जवळचं दिसतं, पण समोरून येणाऱ्या बसची पाटी धूसर होते. हा मोतीबिंदू. 'पिकू द्या, मग काढू' हा सल्ला आता जुना झाला. हल्ली दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून अल्ट्रासाउंडनं भिंगाचा चुरा करून ते काढतात, आणि फार पिकलेलं, टणक भिंग फोडणं उलट अवघड जातं. त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी 1949 साली केली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या अॅक्रिलिक काचेचे तुकडे डोळा निमूट सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं.

मला धास्ती वाटते ती काचबिंदूची, म्हणजे बहुधा डोळ्यातल्या दाबानं मागची नस खराब होत जाण्याची. तो बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं खात येतो, आणि गेलेली नजर परत मिळत नाही. थेंबांनी किंवा शस्त्रक्रियेनं उरलेली राखता येते, इतकंच. चष्म्याच्या दुकानातलं यंत्र नंबर सांगतं, डोळ्यातला दाब आणि मागची नस बघत नाही. म्हणून पहिली चाळिशी करायची तर नेत्रतज्ज्ञाकडून तपासूनच करावी. मधुमेह असेल तर दृष्टिपटलाची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याची तपासणी दरवर्षी. डोळे आले म्हणून कधीतरी आणलेले स्टेरॉइडचे थेंब मनानं घालत राहिलं, तर त्यानंही दाब वाढू शकतो. आणि आईवडिलांना, भावंडांना काचबिंदू आहे का, हे तपासणीला जाण्याआधी घरी विचारून घ्यावं. पुष्कळ घरांत 'आजीला शेवटी दिसत नव्हतं' एवढंच ठाऊक असतं.