रणगाड्यांतील अग्निसंरक्षण

शत्रूचा गोळा चिलखत भेदून आत शिरल्यावर रणगाड्यात लागणारी आग रोखणे, विझवणे आणि आतील सैनिकांना वाचवणे यासंबंधीचे तंत्र व संशोधन.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी शेरमन रणगाडा लवकर पेटतो अशी त्याची ख्याती झाली. दोष त्याच्या पेट्रोल इंजिनाला देण्यात आला आणि हे मत अजूनही आढळते. परंतु त्या काळचे बहुतेक जर्मन रणगाडेही पेट्रोलवरच चालत. ब्रिटिश व अमेरिकी पाहणीत मुख्य कारण दारूगोळा असल्याचे दिसले, आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. गोळा फेकणाऱ्या दारूतच ऑक्सिजन पुरवणारा घटक असतो. त्यामुळे हवा तोडून ती विझत नाही. साधारण १९४४ पासून शेरमनमधील गोळे बाजूच्या कप्प्यांतून काढून तळाशी, पाणी व ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारा द्रव) यांनी वेढलेल्या खणांत ठेवले जाऊ लागले. १९४५ च्या सुमाराच्या अमेरिकी पाहणीनुसार, भेदल्या गेलेल्या जुन्या शेरमनांपैकी ६० ते ८० टक्के जळत असत. नव्या रचनेत हे प्रमाण १० ते १५ टक्क्यांवर आले. श्रेय पाण्याचे की जागाबदलाचे, हे वेगळे काढणे अवघड आहे, कारण दोन्ही बदल एकदमच झाले. जागाबदलाकडे अभ्यासकांचा कल अधिक आहे. पुढे एम-१ एब्रॅम्स या अमेरिकी रणगाड्यात बहुतेक गोळे बुरुजाच्या (तोफ बसवलेल्या फिरत्या भागाच्या) मागील बंद कप्प्यात गेले. स्फोट झाल्यास त्याची छतझाकणे उडून ज्वाळा बाहेर पडतात.

१९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात बुरूज फिरवणाऱ्या यंत्रणेतील ज्वलनशील तेलाने अनेक इस्रायली सैनिक भाजले. त्यानंतर आग विझवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणांना वेग आला. इंधनाच्या फवाऱ्याचा भडका प्रकाशीय संवेदक काही मिलिसेकंदांत ओळखतो आणि हॅलॉन १३०१ हा आग विझवणारा वायू सुटतो. त्यातील ब्रोमीन ज्वालेची साखळी अभिक्रिया तोडते; सुमारे ५ ते ७ टक्के प्रमाण पुरते आणि तेवढ्या वायूत सैनिक काही काळ श्वास घेऊ शकतात. मात्र तो ओझोन थराला घातक असल्याने माँट्रिऑल करारान्वये (१९८७) विकसित देशांत १९९४ पासून त्याचे उत्पादन थांबले. पर्यायी एचएफसी-२२७ईए हा वायू आगीत विघटित होऊन हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी, आम्लधर्मी वायू सोडतो. म्हणून तो निष्प्रभ करण्यासाठी पर्यायी वायूत सोडियम बायकार्बोनेटची पूड मिसळतात.

भारतात हे काम डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची दिल्लीतील सीएफईईएस (सेंटर फॉर फायर, एक्स्प्लोझिव्ह अँड एन्व्हायर्नमेंट सेफ्टी) ही प्रयोगशाळा करते. तिच्या यंत्रणेत सैनिकांच्या कक्षातील आग सुमारे २०० मिलिसेकंदांत, तर इंजिनकक्षातील १५ सेकंदांत विझवण्याचे उद्दिष्ट आहे.